लाल दिव्यावर टिकली

एके दिवशी सकाळी माझ्या मोठ्या दिरांनी टिकली मागितली.

मी तव्यावर पोळी टाकत होते. ती तिथेच राहिली आणि करपली. विधुर माणूस, साठी उलटलेली, कपाळाला कधी गंधही नाही, आणि धाकट्या भावाच्या बायकोच्या घरी येऊन टिकली मागतो, हे ऐकून कोणाचीही पोळी करपेल.

त्यातून त्यांनी ती माझ्याकडे मागितली नव्हती. जीपकडे मागितली होती. अंगणात उभ्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले, "जीप, घरात सांग जरा, एखादी टिकली व्हई काय? मोठी पाह्यजे. काळी असली त चालीन. लाल नको."

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या बऱ्हाणपूरच्या घरात जेठाने, म्हणजे मोठ्या दिराने, धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत आहे. मी भुसावळची. भुसावळ काही परदेशात नाही, पण माझ्या माहेरी असलं कोणी पाळत नव्हतं. लग्न होऊन मी बुधवाऱ्यातल्या या घराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, तेव्हा एक उंच, हडकुळा माणूस अंगणातल्या जीपला म्हणाला, "जीप, घरात नवीन माणूस आलं. पाय धुवायले गरम पाणी ठेवा म्हणावं." मला वाटलं, या घरात एक वेडा आहे आणि सोयरीक जमवताना ही गोष्ट आपल्यापासून लपवली.  माप ओलांडतानाच्या फोटोत मी लाजलेली दिसते, ती मुळात घाबरलेली आहे.

ते भागवत भाऊजी. पुढे मीही शिकले. त्यांनी जीपला विचारायचं, मी जीपला उत्तर द्यायचं. "जेवायला या म्हणावं." "तब्येत बरी आहे का म्हणावं." आमची भांडणंसुद्धा जीपमार्फतच व्हायची. "जीप, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं." "मग उद्यापासून स्वतः करून खा म्हणावं." बिचारी जीप दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

तर त्या दिवशी मी एक मोठी काळी टिकली बॉनेटवर नेऊन ठेवली आणि खिडकीआड उभी राहून बघत राहिले. भाऊजी जीपमध्ये चढले. चावी फिरवली. समोरच्या पट्टीवर तेलाच्या किटलीचं चित्र असलेला बारीक लाल दिवा लागला, तो गाडी सुरू झाल्यावरही विझेना. भाऊजींनी टिकलीमागचा कागद सोलला आणि ती बरोबर त्या दिव्यावर चिकटवली. अंगठ्याने दाबली. मग मान तिरपी करून पाहिलं.

"दिसत नाही ना आता? मंग," ते म्हणाले, आणि शहापूरच्या सवाऱ्या घ्यायला निघून गेले.

मी गाडी चालवत नाही. पण तो दिवा लागला की थांबायचं असतं, त्याच्यावर शृंगार करायचा नसतो, एवढं मलाही कळत होतं. मी संध्याकाळी माझ्या यजमानांना, शरदना, सगळं सांगितलं. ते शाळेत मास्तर आहेत आणि कशानेही दचकत नाहीत. ते म्हणाले, "तुला धक्का बसायला निमित्तच लागतं." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः जाऊन टिकली उचलून खालचा दिवा पाहिला आणि त्यांचाही चेहरा उतरला.

भाऊजींचं सगळं जगणंच "चालू हाये ना? मंग" या चार शब्दांवर उभं आहे. त्यांच्या घरातला टेबलफॅन मान फिरवत नाही. भाऊजी तो दुरुस्त करत नाहीत. उकडायला लागलं की स्वतः खुर्ची उचलून पंख्याच्या समोर जातात, गार वाटलं की खुर्ची बाजूला घेतात. त्यांचं मनगटी घड्याळ हात खाली लोंबता ठेवला तरच चालतं, म्हणून ते नमस्कारही एकाच हाताने करतात. चपलांना टायरचा तळ आहे. एकदा दाढ हलायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. भाऊजींनी तोंड मिटलं आणि खुर्चीतून उठत विचारलं, "चावू राह्यली ना? मंग." त्या दाढेने पुढे दोन उन्हाळे भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

कोणी म्हणेल कंजूष आहेत. मुळीच नाहीत. जीपमध्ये बसलेल्या म्हातारीकडून भाडं घेत नाहीत, आणि दर रविवारी आमच्याकडे मावा जिलेबीचा पुडा जीपच्या बॉनेटवर ठेवून जातात. आहे ते सोडायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

जीप सासऱ्यांनी घेतलेली. भाऊजी ती बऱ्हाणपूर ते शहापूर चालवतात. केळीवाले, कॉलेजची पोरं, बाजाराला येणाऱ्या बाया, सगळे "भागवतदादाच्या गाडीनं" येतात. दिवा लागायला लागल्यापासून या सवाऱ्यांचे हाल सुरू झाले. भाऊजी मध्येच रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायचे, बॉनेट उघडायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. इंजिनचा आवाज ऐकायचा असे. एका बाईच्या टोपलीत कोंबडी होती, ती कुर्कुर् करत होती. भाऊजी तिलाही म्हणाले, "बाई, दोन मिनिटं." आणि ती बाई सांगते, कोंबडी खरंच गप्प बसली.

सलीम मिस्त्री शनवाऱ्याजवळ गॅरेज चालवतो. त्याने आधी दिव्याचा स्विच बदलून पाहिला. दिवा तसाच. मग प्रेशरचं मीटर लावलं. इंजिन थंड असताना काटा जेमतेम उभा राहायचा आणि गरम झालं की झोपायचा. सलीमने हात पुसले.

"चाचा, तेल का प्रेशर गिर गया है. बेरिंग घिस गए. क्रँक पहले ही दो बार घिसवा चुके हो आप, अब उसमें घिसने को बचा क्या है? मेरी मानो तो दूसरा इंजन डालो. खोलोगे तो भी उतना ही खर्चा, और भरोसा कुछ नहीं. ऐसे ही चलाओगे तो एक दिन बीच रास्ते में जाम हो जाएगा, सवारी समेत."

"चालू हाये ना?" भाऊजींनी विचारलं.

"अभी तो है."

"मंग."

घरी येऊन त्यांनी जीपला समजावलं, म्हणजे मला. "जीप, असं हाये पाह्य. आपल्या कुंडी भंडाऱ्यात कसं पाणी डोंगरातून जमिनीखालून येतं, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातं? तसं तेल इंजिनात फिरते. मधी एखादी कुंडी खचली, पाणी तठीच सांडलं, त पुढच्या कुंडीले काय पोचणार? तेवढंच झालं हाये. बाकी काही नाही."

मी जीपला म्हणाले, "मग खचलेली कुंडी बांधून घ्या म्हणावं, नाहीतर नवीन खणा म्हणावं. वर टिकली लावून पाणी येतं का म्हणावं."

त्यावर जीप काही बोलली नाही. भाऊजींनी फडक्याने बॉनेट पुसायला घेतलं.

पुढे जे झालं ते लिहितानाही माझा हात थांबतो. भाऊजींनी इंजिनचा प्रश्न सवाऱ्यांपुढे मांडला. चालत्या जीपमध्ये सभा भरली. एकाने सांगितलं, जाड तेल टाका. टाकलं. दुसऱ्याने सांगितलं, दुपारी चालवूच नका. भाऊजी दुपारी शहापूरला चिंचेखाली गाडी लावून इंजिन निवेपर्यंत बसू लागले, आणि सवाऱ्याही मुकाट्याने बसू लागल्या, कारण भागवतदादाला सोडून दुसऱ्या गाडीत बसायचं कोणाच्या जिवावर येई. मग एका केळीवाल्या पाटलाने सांगितलं, आमच्या वडलांनी मोटेच्या चाकाला एरंडेल घातलं होतं, ते चाक अजून फिरतं.

त्या संध्याकाळी भाऊजींनी जीपला विचारलं, "घरात एरंडेल व्हई काय?"

मला वाटलं पोट बिघडलं असेल. मी काळजीने बाटली ठेवली, वर ओवाही ठेवला. त्यांनी ओवा परत दिला आणि एरंडेल इंजिनात ओतलं. मी किंचाळले असं शरद म्हणतात. मी नुसतंच "अहो" म्हणाले होते, पण शेजारची माणसं बाहेर आली. सलीमला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ डोक्याला हात लावून टायरवर बसला.

"चाचा," तो शेवटी म्हणाला, "इसको जुलाब देना था क्या?"

शरदनी मग मनावर घेतलं. सलीमच्या ओळखीने खंडव्याकडे एक इंजिन मिळत होतं, अपघातात मागून चेपलेल्या जीपचं, पुढचा भाग धडधाकट. शरद भावाला म्हणाले, "दादा, मी टाकून देतो इंजिन. तू एक शब्द बोलू नको. माझ्याकडून समज."

आणि इथे भाऊजी चक्क घाबरले. मी ते पाहिलं. ज्या माणसाला इंजिन जाम होण्याची भीती नव्हती, तो भावाने मदत देऊ केल्यावर पांढरा पडला. "नाही नाही, तू त बिलकुल नको टाकू," असं म्हणत ते आपल्या घरात गेले आणि दार लावून घेतलं. मला राग आला. सख्खा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि त्याच्याकडून इंजिन घ्यायला एवढा कमीपणा? मी रात्रभर कुढत होते.

शेवटी श्रावणातल्या एका शनिवारी शरदनी परस्पर सलीमला बोलावलं. जीप दोरीने ओढून गॅरेजला न्यायची असं ठरलं. सलीम आला, त्याने जीपला दोरी बांधली, आणि मग कळलं की जीपमध्ये भाऊजी बसलेले आहेत. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं. खाली उतरायला तयार नाहीत.

"चाचा, उतरो तो सही."

"मी नाही उतरणार."

"दादा, लोक पाहू राह्यले."

"पाहू दे."

सकाळची दुपार झाली. भाऊजी जीपमध्येच. सलीम ओट्यावर पेपर वाचत बसला. शरद येरझारा घालत होते. माझ्या घरात त्या दिवशी वेगळीच गडबड होती. दुसऱ्या दिवशी घरात आमची देवी, कानबाई, बसायची होती आणि मला रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू काढायचे होते. ही रीत आमच्याकडे कडक आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे. त्या गव्हाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. आणि ज्या भावांचे रोट वेगळे झाले ते सख्खे असले तरी एकमेकांच्या रोटाला बाहेरचे. आधी हे गहू माझ्या जाऊबाई, कमलबाई, काढायच्या. त्या गेल्यापासून मी काढते.

मी व्हरांड्यात सूप घेऊन बसले. नाव मोठ्याने घ्यायचं असतं. "शरद," म्हणून सव्वा मूठ टाकली. "ओंकार," म्हणून टाकली. ओंकार आमचा मुलगा, इंदूरला शिकतो, पण घरी असो नसो, मूठ पडतेच.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "जीप, माझी मूठ टाकू राह्यले काय या वर्षी?"

माझा हात गव्हातच थांबला. "हा काय प्रश्न आहे म्हणावं," मी म्हणाले. "न टाकायला काय झालं?"

"आज टाकतीन. इंजिन बदललं की मंग पुढच्या वर्षी?"

मला काही कळेना. शरदनाही कळेना. सलीमने पेपर खाली ठेवला. आणि भाऊजी समोरच्या काचेकडे पाहत, जीपलाच सगळं सांगायला लागले.

सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली होती. मी तेव्हा आत चहा गाळत होते. घर वाटलं, शेत वाटलं, भांडी वाटली. एका तांब्याच्या घंगाळावरून दोघं भाऊ भांडायला लागले. वाटणी करायला बसलेले त्यांचे मामा कंटाळले. तेव्हा जीपची पाळी आली. मामा चिडून म्हणाले, जीप सामाईक. हे इंजिन आहे तोवर सामाईक. ज्या दिवशी ज्यानं दुसरं इंजिन टाकलं, त्या दिवशी गाडी त्याची, आणि मग तुमच्यात सामाईक काही राहिलं नाही. चूल वेगळी, देव वेगळा, रोट वेगळे.

"दादा," शरद म्हणाले, "ते मामा रागात बोलले. आपण घंगाळावरून भांडत होतो म्हणून बोलले."

"बोलले त खरे ना?"

"मला आठवतही नाही."

"मले आठवते. मामा गेले. आता त्यांचा शब्द कोण परत घेईन?" भाऊजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. "कमल होती तठलोक मले काही वाटलं नाही. वेगळे झाले असते रोट, त दोघं खाल्ले असते. आता मी एकटाच हाये. घरात गहू काढायले बाई नाही. अन् सव्वा मुठीत पोळी व्हते एखादी. रोट नाही व्हत."

 मी धक्के पुष्कळ खाल्ले आहेत, बहुतेक याच माणसाकडून. पण टिकली काय, एरंडेल काय, ते सगळे त्या क्षणी मला काहीच वाटेनात. हा माणूस इतके दिवस त्या तेलाच्या दिव्याकडे पाहून घाबरत होता, आणि त्याला भीती गाडी बंद पडायची नव्हती. आपण घरातून बाहेर पडू याची होती. मला रडू आलं आणि रागही आला, मामांचा आणि त्या घंगाळाचा. ते घंगाळ आमच्या वाट्याला आलं होतं. त्यात मी तुळस लावली आहे.

मी सूप घेऊन उठले आणि जीपच्या समोर जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर सावरला. "जीप," मी म्हणाले, "त्यांना सांग. वाटणी पुरुषांनी केली. मामा पुरुष, हे दोघं पुरुष. मला कोणी विचारलं नाही. पण गव्हाची मूठ माझ्या हातात आहे. इंजिन कोणीही टाकू दे, नाहीतर गाडीला बैल जुंपू दे, मी आहे तोवर या सुपात तीन नावांचे गहू पडतील. हे मामांना मान्य नसेल तर त्यांनी वरून खाली येऊन बोलावं म्हणावं." मग मी त्यांच्यासमोर, मोठ्याने, "भागवत" म्हणून सव्वा मूठ सुपात टाकली. जेठाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. थोडे गहू खाली सांडले.

भाऊजींनी सुपाकडे पाहिलं. मग त्यांनी नाक ओढलं. तरी गडी उतरला नाही. शब्द म्हणजे शब्द, मामांचा शब्द मोडायचा कसा, यात ते अजून अडकले होते.

शरद मास्तर आहेत ते काही उगीच नाही. ते म्हणाले, "दादा, मामा काय म्हणाले? ज्यानं टाकलं त्याची. आपण दोघांनी मिळून टाकलं तर कोणाची?"

भाऊजींनी विचार केला. तो विचार चेहऱ्यावर वर-खाली होताना दिसत होता. "दोघांची," ते हळूच म्हणाले.

"मंग."

"पण हात दोघांचे लागले पाह्यजे. नुसतं म्हणून नाही चालणार." ते सलीमकडे वळले. "ती साखळी राह्यते ना, इंजिन उचलायची? ती दोन माणसं ओढू शकतात काय?"

"दो आदमी?" सलीम म्हणाला. "चाचा, वो तो अकेली आपकी मुर्गीवाली सवारी खींच ले."

"तरी दोघंच ओढू."

भाऊजी उतरले. उतरण्याआधी त्यांनी दिव्यावरची टिकली नखाने काढली आणि बॉनेटवर, जिथे मी ठेवली होती तिथे, परत चिकटवून ठेवली. दुसऱ्या दिवशी कानबाई झाली. भाऊजींनी रोट खाल्ले, त्यांनी इतके खाल्ले की मला त्यांच्यासाठी खरोखर एरंडेल काढून ठेवावं लागलं. त्या आठवड्यात शरद शाळेतून सुट्टी घेऊन गेले आणि दोघा भावांनी एकच साखळी धरून जुनं इंजिन वर उचललं आणि दुसरं खाली सोडलं. सलीम सांगतो, दोघं एकमेकांच्या पायावर पाय देत होते आणि एका माणसाचं काम दोघांनी मिळून दुप्पट वेळात केलं.

गाडी मात्र लगेच मिळाली नाही. कसलासा पाइप यायचा होता. अंगणात जीपच्या जागी नुसता काळा डाग राहिला, गळलेल्या तेलाचा.

आणि मग एक अडचण झाली. रोज संध्याकाळी भाऊजी चहाला यायचे. जीप गॅरेजला गेली त्या दिवशी ते आले, जीपच्या जागेपाशी उभे राहिले, हात पुढे केला, तिथे बॉनेट नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. थोडं खाकरले. मी आत चहा टाकून बसले होते, पण बोलवायचं कोणामार्फत? ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. शरदना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, ज्याचं त्याने पाहावं.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी शरद घरी नव्हते. भाऊजी आले. डागाच्या काठाशी उभे राहिले. टायरच्या चपलेने तो डाग उगीच घासला. मग मान वर करून, सरळ दाराकडे, माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "वैशाली, चहा व्हई काय?"

 वीस-बावीस वर्षांत या माणसाच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. त्यांना ते माहीत आहे की नाही, इथपासून मला शंका होती. मला इतका धक्का बसला की मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्या तेलाच्या डागाकडे बघून म्हणाले, "झालाय म्हणावं. आत येऊन बसा म्हणावं."